शब्दचर्चा: ‘वर्गीकृत कागदपत्रे’ म्हणजे नेमकं काय?

सीताबर्डीकर: राजेहो, ट्रम्पच्या बातमीत ‘वर्गीकृत कागदपत्रे’ वाचलं अन् मले आधी ‘खोली भाड्याने देणे आहे’ आठवलं, छोट्या जाहिरातींनाच आपण वर्गीकृत म्हणतो न? सरळ ‘गोपनीय’ काहून लिहत नाहीत?

निवृत्त हेडक्लार्क: लोचा आहे भाऊ. मूळ इंग्रजी ‘क्लासिफाइड’, म्हणजे गुप्ततेची पायरी ठरवून दिलेले कागद. गोपनीय ही त्यातली एक पायरी, कॉन्फिडेन्शियल. तिच्यावर सीक्रेट, त्याच्यावर टॉप सीक्रेट. सगळ्यालेच गोपनीय म्हटलं तर पायऱ्या गायब. अन् सिव्हिल लाइन्सच्या कोणत्याही ऑफिसात ‘माझं गोपनीय लिहिलं का’ म्हणजे सी.आर., साहेबानं आपल्या कामावर लिहिलेला अहवाल, त्यात देशाची कोणती गुपितं असणार! 1923 च्या कायद्याचं मराठी नाव ‘शासकीय गुपिते अधिनियम’ आहे, ‘गुपित’ चांगला शब्द आहे की.

धंतोलीची: मला अशा बातम्यांतलं ‘माजी अधिकारी’ खटकतं. मंत्री माजी होतो, अधिकारी निवृत्त. दोघांना बांधणारे दोरही वेगळे, मंत्र्याची गोपनीयतेची शपथ खुर्ची गेली म्हणून सुटत नाही, आणि अधिकाऱ्याला पेन्शनचा लगाम. मे 2021 मध्ये केंद्राचे पेन्शनचे नियम बदलले, गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी तिथल्या कामाबद्दल काही छापायचं तर आधी संस्थाप्रमुखाची परवानगी. अमेरिकेत मात्र वरचे लोक सरकार बदललं की जातात, तिथे ‘माजी’च बरोबर.

सीताबर्डीकर: मग गुप्त कागद पाहू देणाऱ्या ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ले काय म्हणायचं? 2018 मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख ब्रेनन यांचा क्लिअरन्स काढत असल्याचं ट्रम्पनी जाहीर केलं. ‘सुरक्षा मंजुरी रद्द’ लिहिलं तर वाटते बॉडीगार्ड काढले.

धंतोलीची: ‘गुप्त कागद पाहण्याची मुभा’ लिहा, लांब आहे पण कळतं. तिकडे पद गेल्यावरही बऱ्याच जणांची मुभा चालू ठेवतात, जुन्या माणसाचा सल्ला घेता यावा म्हणून, त्यामुळे ती काढली की बातमी होते. राष्ट्राध्यक्षाला तर क्लिअरन्स लागतच नाही, माजी झाल्यावर नुसतं सौजन्याचं ब्रीफिंग, म्हणजे गुप्त माहिती सांगणं. 2021 मध्ये बायडननी ट्रम्पचं थांबवलं, 2025 मध्ये ट्रम्पनी बायडनचं थांबवून उट्टं काढलं.

निवृत्त हेडक्लार्क: आपल्याकडे चार्ज देताना कपाटाची चावी, फाइलींची यादी, खाली दोघांच्या सह्या. हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून नागपुरात फाइलींचे खोके येतात न, त्याचीही यादी असते. गुप्त कागद हक्क नसताना जवळ ठेवला तर त्याच 1923 च्या कायद्याचं कलम 5, 3 वर्षांपर्यंत कैद, छापायचीही गरज नाही. म्हणून पाहणं, बाळगणं, छापणं असं वेगळं लिहा, ‘अ‍ॅक्सेस’मध्ये सगळं कोंबू नका.

सीताबर्डीकर: ‘बाळगणं’ जमलं. गांजा बाळगल्यासारखंच वाटते.