‘९९६’, ‘मोयू’, ‘थांगफिंग’: चिनी नोकरदारांची भाषा बंड की नुसती वाफ?

घाण्याचा बैल:
चीनमधले ऑफिसवाले नेटवर स्वतःला ‘न्यूमा’ म्हणवतात. बैल-घोडे. आपल्या ढोरमेहनतीतलं ढोर तेच. ‘मोयू’ म्हणजे शब्दशः मासे चाचपणं, अर्थ मात्र आपलं पाट्या टाकणं. शब्द झकास आहेत, पण माझ्या मते ही नुसती वाफ. विनोद करून मोकळं व्हायचं आणि रात्री नऊपर्यंत परत त्याच खुर्चीत.

सुमेधा न.:
अजिबात नाही. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, म्हणून ९९६. मार्च २०१९ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर ‘९९६.आयसीयू’ ही निषेधाची मोहीम सुरू झाली: ९९६ करा, आयसीयूत जा. पुढच्याच महिन्यात अलिबाबाचे जॅक मा म्हणाले, ९९६ करायला मिळणं हे ‘फुबाओ’, म्हणजे पुण्याई! त्या शब्दाची इतकी टर उडाली की तो शिवीसारखा वापरतात. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं.

घाण्याचा बैल:
बेकायदा ते आधीही होतंच की! जादा काम महिन्याला ३६ तासांच्या वर नको, हा कायदा १९९५ पासून लागू आहे. पाळतो कोण?

शेन्झेन रिटर्न:
तिथल्या एका ऑफिसात तीन वर्षं काढली. रात्री नऊनंतर निघालं तरच टॅक्सीचं भाडं मिळायचं. शेजारच्या मुलीचं काम सातला संपायचं, मग दोन तास ती ताओबाओ या शॉपिंग साइटवर स्वेटर बघायची. साहेब उठेना म्हणून ती उठेना, ती उठेना म्हणून मी. याला ते ‘नेइच्युएन’ म्हणतात. थिएटरात पुढचा उभा राहिला की मागचे सगळे उभे; सिनेमा तेवढाच दिसतो, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. शब्द माहीत असून आम्ही बसूनच होतो, त्यामुळे बैलोबांशी निम्मा सहमत.

जोशीकाका:
आणि ते ‘थांगफिंग’वाले? आडवं पडून पोट भरतं का?

सुमेधा न.:
काका, ‘थांगफिंग’ म्हणजे आडवं पडणं, पण ते आळसासाठी नाही. घर, लग्न, बढती या शर्यतीतूनच उतरायचं. २०२१ मध्ये ज्याच्या पोस्टमुळे हा शब्द गाजला, तो महिन्याला २०० युआनच्या आत भागवत होता. ‘नानफांग डेली’ या सरकारी वृत्तपत्राने आडवं पडणं लाजिरवाणं आहे म्हणून लेख छापला. नुसत्या वाफेला कुणी इतकं घाबरतं का, बैलोबा?

घाण्याचा बैल:
हा मुद्दा बिनतोड आहे. उत्तर रात्री देतो, आत्ता मोयू चालू आहे आणि साहेब इकडेच येतोय.