सातवा सूर्य पॉप-अपमध्ये कसा पळवायचा?

कात्रीवाली: मंगोलियन लोककथांवर मुलांसाठी पॉप-अप (पान उघडताच चित्रं उभी राहतात तशा) पुस्तकाची डमी करतेय. तिरंदाज एर्खी मर्गेन सातांपैकी सहा सूर्य पाडतो, सातव्याच्या आड भिंगरी (पक्षी) येते, बाण तिची शेपटी दुभंगतो. घाबरलेला सूर्य डोंगराआड! सगळं एकाच पानावर मावेल का? आणि पैज हरल्यावर तो तिरंदाज अंगठे छाटून मार्मोट (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) होतो, ते पाच वर्षांच्या पोरांना दाखवू?

पुठ्ठाबहाद्दर: एका पानावर कोंबू नका, पुस्तक मिटणारच नाही. सहा सूर्यांसाठी मागे फिरती चकती, पुढे एक खिडकी. सातव्याला खालून ओढायची पट्टी द्या, डोंगराच्या चिरेत जाऊ दे. भिंगरी मात्र व्ही-घडीवर (इंग्रजी V आकाराच्या घडीवर). मधली घडी शेपटीच्या मधोमध घ्या, पान उघडताच दोन टोकं आपोआप फाकतात. कार्डाची जाडी २२० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास आणि घडी तंतूंच्या दिशेतच. आडवी घातलीत तर कडेला चिरते.

रानवेडी: छाटाछाटी कशाला दाखवता? मार्मोटच्या पुढच्या पायांना चारच ठळक बोटं असतात. पंजा मोठा काढा, पोरं स्वतःच मोजतील. आणि गेर (मंगोलियन गोल तंबू-घर) काढलंत तर दार दक्षिणेला, छताच्या मध्यावर गोल तोनो (झरोक्याचं कडं) हवाच. नाहीतर सर्कशीचा तंबू वाटेल, हे मी आधीच सांगून ठेवते.

कात्रीवाली: पंजा पक्का! पण चकतीचा रिव्हेट पाठीमागून टोचतोय, पान फुगतंय. कोणी कागदाचाच आस केलाय का?

पुठ्ठाबहाद्दर: हो. गोल तुकड्याला चार पाकळ्या पाडा, त्या भोकातून काढा आणि मागच्या चकतीला चिकटवा. फेव्हिकॉल अगदी नखाएवढाच, नाहीतर सूर्य जागीच थांबेल.