मदत हवी आहे: घरच्या पोल डान्ससाठी लादीवर काय घालू, पायात काय घालू?

पर्वरीकर:
पर्वरीत (गोवा) भाड्याचा फ्लॅट, खोली १० बाय १२, लादीपासून स्लॅबपर्यंत ९ फूट २ इंच. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी. पोल ४५ मिमीचा, ताणावर बसणारा घेणार आहे, कारण भोक पाडायला घरमालक देत नाहीत. सगळ्या खोलीत १२ मिमीच्या जिगसॉ फोम मॅट घालून त्यावर पोल उभा करावा असं मनात आहे. चालेल का? की विनाइल बरं? आतापर्यंत अनवाणीच शिकले, आता हील्स घ्यायचेत. ६ इंची घेऊ की एकदम ८? पावसात लादीला घाम फुटतो, त्याचंही सांगा.

उलटी_वटवाघूळ:
फोमवर पोल नको. बाकी सगळं नंतर.

ताणाचा पोल म्हणजे लादी आणि स्लॅबच्या मध्ये आवळलेला जॅक. खाली फोम असेल तर तो दाबला जात राहतो, ताण उतरतो आणि नेमक्या स्पिनच्या मध्यावर बेस सरकतो. बेस उघड्या लादीवरच हवा, आणि लादीच्या मधोमध, सांध्यावर नाही. आधी नाण्याने लादी ठोकून बघा. आवाज टणक आला तर ठीक. ढब् असा पोकळ आला तर खाली माल नीट भरलेला नाही, तिथे ताण दिला की लादी तडकेल. मग घरमालकाला काय सांगणार?

वरची बाजूही बघा. पीओपीच्या किंवा जिप्समच्या खोट्या छताला पोल टेकवायचा नाही, थेट स्लॅब किंवा बीम लागतो. उंची जिथे पोल येणार तिथेच मोजा, बीमखाली ती कमी भरते. ९ फूट २ इंच म्हणजे २७९४ मिमी. बरेच पोल २७५० मिमीच्या आसपास संपतात, त्यामुळे एक्स्टेंशन लागेल असं धरूनच चला.

(गावच्या कौलारू घरात लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर: नको. वाशांना वरचं वजन पेलायची सवय असते. खालून रेटलं की कौलं उचलली जातात. तिथे स्वतःच्या स्टेजवर उभा राहणारा पोल घ्यावा.)

मॅट घालायची ती पोलच्या भोवती. दोन अर्ध्या चकत्यांची, मध्ये पोलपुरती खाच असलेली, वेल्क्रोने जोडायची क्रॅश मॅट मिळते. किमान १० सेमी जाड आणि सव्वा ते दीड मीटर व्यासाची घ्या. उलटं लटकायचं असेल तर १२ मिमी फोम मानेला काही कामाचा नाही.

लादीमिस्त्री:
विनाइल घ्याच, पण गुंडाळीतलं, २ मिमीचं. बेसपेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठं गोल भोक कापा, म्हणजे पोल लादीवरच बसेल. कडा दुहेरी चिकटपट्टीने धरा.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. विनाइलवर रबर टेकून राहिलं की पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. म्हणून बेसचं रबर विनाइलला लागू देऊ नका, रबरी पाठीची मॅटही त्यावर पसरून ठेवू नका. लॅमिनेटचा तर विचारच सोडा. आपल्याकडच्या दमटपणात त्याचे सांधे फुगतात.

लादीला घाम फुटतो ते बाहेरची दमट हवा थंड लादीला लागते म्हणून. मॅट आणि विनाइलखाली ते पाणी अडकतं आणि बुरशी धरते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा उचला, पुसा, पंख्याखाली सुकवा. मॅट भिंतीला उभी करून ठेवा. आणि ज्या दिवशी लादीवर बोट ओढल्यावर रेघ उमटते त्या दिवशी सराव नकोच.

आठइंची:
आता शूज. ८ इंची म्हणजे जास्त उभा पाय, हा गैरसमज आहे. ८ इंची टाचेच्या बुटाला पुढे पंजाखाली साधारण ४ इंचांचा प्लॅटफॉर्म (जाड तळ) असतो, ७ इंचीला पावणेतीन, ६ इंचीला पावणेदोन. वजाबाकी करा: पायाचा खरा चढ तिन्हीत चार-सव्वाचार इंचच. फरक वजनाचा आणि घोट्याचा. बूट जितका उंच तितका घोटा मुरगळला की झटका मोठा. पहिली जोडी ६ किंवा ७ ची, घोट्याला पट्टा असलेलीच. बिनपट्ट्याची लाथेसरशी उडते.

चकचकीत पेटंट लेदर पोलला चिकटतं, चढताना उपयोगी. पण जमिनीवर पाय ओढायचे प्रकार असतील तर करकरतं, अडकतं. तिथे बिनचकाकीचं किंवा स्वेडसारखं कापड बरं, सोबत मोज्यासारखे नीपॅड.

मऊ मॅटवर हील्स घालून उभं राहायचं नाही. टाच रुतते, पुढचा भाग रुतत नाही, आणि घोटा बाहेरच्या बाजूला वळतो.

पर्वरीकर:
म्हणजे हील्सना कडक जमीन आणि उलट्या ट्रिक्सना मॅट. खोली तर एकच आहे!

आठइंची:
तर क्रम लावा, ताई. आधी अनवाणी, मॅट लावून चढणं आणि उलटे प्रकार. मग मॅट काढून भिंतीला, आणि विनाइलवर हील्स: चालणं, पिरुएट (गिरकी), जमिनीवरचं काम. हील्स घालून उलटं जाणं, तीच ट्रिक अनवाणी पक्की होईपर्यंत घरी नको.

उलटी_वटवाघूळ:
दर वेळी सुरू करण्याआधी पोल दोन्ही हातांनी हलवून ताण बघा, आणि स्पिरिटने पुसा. त्या दिवशी अंगाला खोबरेल किंवा लोशन नको. एसी लावून पोल गार केलात तर हात घसरतो, पंखा पुरे.

लादीमिस्त्री:
टाचेच्या टोकाची टोपीही बघत जा. ती झिजली की आतला खिळा बाहेर येतो, आणि विनाइल आणि लादी दोन्हींवर एकदमच ओरखडा पडतो. टोपी ५० टक्के झिजली की मोच्याकडून बदलून घ्या.