अकरा होतो, तिघे उरलो : पक्षाबाहेर राहून राजकारण सुधारता येतं का?

पेठेतला (धागाकर्ता)

२०२१ मध्ये पुण्यात आम्ही अकरा जणांनी क्षेत्रसभेसाठी काम सुरू केलं. ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो : गावाला ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांचीही सभा भरावी, नगरसेवकानं समोर बसून कामांचा हिशेब द्यावा, अशी तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. कागदावर. निवेदनं दिली, सह्या जमवल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि मग जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही. म्हणजे ज्याला जाब विचारायचा ते पदच इतकी वर्षं गायब!

आज तिघे आहोत. गेलेले आठ काही लाठ्या खाऊन पळाले नाहीत. एक जण एमपीएससी करतोय. विनापरवाना धरणं धरलं म्हणून आमच्यावर गुन्हा दाखल झाला तेव्हा तो नेमका चहा आणायला गेला होता, म्हणून वाचला. चारित्र्य पडताळणीत अडकलो असतो म्हणाला आणि ग्रुपमधून बाहेर पडला. दोघं हिंजवडीत आयटीत लागले. त्यांना सुट्टी शनिवार-रविवारी, तेव्हा महापालिकेलाही कुलूप. एक जण आता माजी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात बसतो. मी त्याला दोष देत नाही. (थोडा देतो.)

माझं म्हणणं एवढंच की खोलीचं भाडं स्वतः भरणाऱ्या पोराला या कामात जागा नाही. घरी पेन्शन येते तोच टिकतो.

जुनं खोड

भाडं आम्हीही भरत होतो. माहिती अधिकाराचा राज्यातला पहिला कायदा २००० साली आला, इतका फुसका की मागितलेलं न देण्याचीच सोय जास्त. २००२ मध्ये नवा अध्यादेश निघाला, ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले, मग कायदा लागला. देशाचा कायदा २००५ चा. म्हणजे नुसता कागद मिळवायचा हक्क यायला इतकी वर्षं. तुम्ही चार वर्षांत धापा टाकताय. पत्रकं काढा, गल्लीत बसा, सारखे मोबाईलवर काय असता?

बूथप्रमुख

काका, त्याच अण्णांच्या २०११ च्या लोकपाल आंदोलनाचं पुढे काय झालं तेही सांगा. लोकपाल कायदा संसदेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये! मैदानातून उठून ज्यांनी आम आदमी पक्ष काढला, त्यांना मात्र २०१३ मध्येच दिल्लीत २८ जागा मिळाल्या. पक्ष पुढे कसा वागला हा वेगळा विषय.

पेठेतला, तुमच्या पोरांना मतदार याद्या पाठ आहेत, ड्रेनेज कुठं तुंबतं ठाऊक आहे. मग उभे का राहत नाही? हात मळतील म्हणून? मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून सतरंज्या उचलतोय. राजकारण घाण म्हणायचं आणि घाण काढायला दुसऱ्यानं उतरायचं, हे पुणेरी दुखणं आहे.

पेठेतला

उभं कुठं राहू? २०१७ मध्ये आमच्या भागात चार नगरसेवकांचा एक प्रभाग होता. एवढा प्रभाग अपक्षानं नुसता चालायचा म्हटला तरी चपला झिजतील. आणि तुमच्या पक्षातून निवडून आलोच, तर १९८६ च्या राज्याच्या कायद्यानं नगरसेवकालाही व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला की अपात्रता. क्षेत्रसभेच्या ठरावावर मी लोकांचं ऐकू की गटनेत्याचं? सतरंज्या उचलून तुम्ही किती ठरवू शकता, खरं सांगा.

बूथप्रमुख

तुमच्यापेक्षा जास्त. रस्त्याची लाइट एका फोनवर लागते.

टेबल क्रमांक चार

मी या धाग्याच्या पलीकडच्या बाजूचा, जन माहिती अधिकारी, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तर देणारा. एका गृहस्थाचे आमच्याकडे वर्षात साठेक अर्ज आले, सगळे एकाच बांधकामाबद्दल. बिल्डरशी जमलं आणि अर्ज थांबले. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पोराकडे मी त्याच नजरेनं पाहतो. चूक आहे, पण तसं होतं. सुधारणावाल्यांनी आपल्यातले वसुलीवाले आधी हुडकावेत.

जुनं खोड

साहेब, वसुलीवाले असतील. पण तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेल्या त्या माणसाला भररस्त्यात मारलं. तीस दिवसांत कागद दिलात तर वसुलीला वावच कुठं उरतो?

गावाकडची

तुमचं सगळं शहरातलं चाललंय. आमच्याकडे ग्रामसभा आहे, तरी सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती आमच्या गावात रजिस्टरातच भरते. मी विचारलं, "माझी सही कुणी केली?" मला कुणी काही बोललं नाही. आठ दिवसांनी चुलत्यांच्या रोजगार हमीतल्या विहिरीचं बिल अडकलं. मग आजीला पारावर गाठून सांगितलं, "पोरीचं स्थळ बघताय ना औंदा?"

पोलीस नाहीत, नोटीस नाही, गुन्हा नाही. तक्रार कुणाविरुद्ध लिहू? बूथप्रमुख म्हणतात पक्षात या. दादा, बिल अडवणारा आणि तालुक्याला सोडवून आणतो म्हणणारा, दोघं एकाच पक्षाचे आहेत. आणि काका, तुम्ही वीस वर्षं थांबा म्हणता. मला घरचे वीस महिने देत नाहीत.

जुनं खोड

बाई, थांबा असं नव्हतं म्हणायचं. चुलते काय म्हणतात?

गावाकडची

चुलते बोलत नाहीत माझ्याशी. चुलती मात्र रात्री येऊन म्हणाली, "सही माझीबी त्यांनीच केलीया." आता आम्ही नऊ जणी आहोत. हजेरीच्या रजिस्टराची नक्कल मागितली होती, दिली नाही, पहिलं अपील केलंय. सोमवारी तालुक्याला सुनावणी आहे आणि सकाळची एसटी एकच. टेबल क्रमांक चार, सुनावणीत नक्कल द्या म्हणायचं की मूळ रजिस्टर बघू द्या म्हणायचं?

टेबल क्रमांक चार

दोन्ही मागा. आधी मूळ बघायला मागा, पानांचे क्रमांक लिहून घ्या, मग त्याच पानांच्या नकला. आणि एकटी जाऊ नका, नवांतल्या दोघी-तिघी तरी सोबत न्या.