थंडी, कुस्ती आणि उजवं स्टिअरिंग

प्रश्न असा आहे की इतक्या कमी पैशात बनलेला मंगोलियन मारधाडपट खिळवून कसा ठेवतो. मला वाटतं, मोठं कारण म्हणजे बोख, तिथली कुस्ती. तिच्यात वजनगट नाहीत, वेळेची मर्यादा नाही. कोपर, गुडघा किंवा धड जमिनीला टेकलं की हार. अशा तालमीतला माणूस पडद्यावर खरोखर उचलून आपटतो, त्यामुळे कॅमेरा लांब ठेवून सलग शॉट घेता येतो. नवख्या नटांची मारामारी मात्र दर सेकंदाला कट मारून लपवावी लागते, आणि कोण कुणाला मारतंय तेच कळेनासं होतं.

दुसरं म्हणजे राजधानी उलानबातर. हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली जातो, गेर म्हणजे गोल तंबूंच्या वस्त्यांमधल्या चुलींचा धूर दरीत साचून राहतो. एवढं वातावरण फुकट मिळतं! पण बॅटऱ्या झपाट्याने उतरतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या अंगाशी, कोटाच्या आतल्या खिशात ठेवायच्या. थंड कॅमेरा उबदार खोलीत तसाच नेला तर भिंगावर दव धरतं. बाहेरच हवाबंद पिशवीत घालायचा आणि आत आल्यावर तास-दोन तास उघडायचा नाही.

पाठलागाच्या दृश्यांत एक गोष्ट जरूर बघा. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, पण असंख्य गाड्या जुन्या जपानी, म्हणजे स्टिअरिंगही उजवीकडेच. ओव्हरटेक करताना चालकाला समोरून येणारं वाहन उशिरा दिसतं. तो ताण खराच असतो.