चिंचवडच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर, विधानसभेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ए-१०२ (सकाळी ८:१२)
आपले शंकरभाऊ जगताप एक लाखाहून जास्त मताधिक्याने निवडून आले. आपल्या तिन्ही बूथवर रांगा होत्या, ज्येष्ठ मंडळीसुद्धा आली. सगळ्यांचे मनापासून आभार.

डी-६०५ (८:२०)
अभिनंदन दादा. एक विचारू का, राग मानू नका. आधी लक्ष्मणभाऊ, ते गेल्यावर २०२३ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अश्विनीताई, आता त्यांचे भाऊ शंकरभाऊ. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या मतदारसंघांपैकी हा एक. एवढ्या माणसांत भाजपला दुसरं घर दिसत नाही?

ए-१०२ (८:२७)
राग कसला? पण लक्ष्मणभाऊ काही वरून उतरले नव्हते. नगरसेवक झाले, महापौर झाले, मग आमदार. शंकरभाऊ पक्षाचे शहराध्यक्ष आहेत. आणि घराबाहेर तिकीट दिलं की काय होतं ते त्याच पोटनिवडणुकीत पुण्यात दिसलं. मुक्ताताई टिळक गेल्यावर कसब्यात पक्षाने घरात उमेदवारी दिली नाही, हेमंत रासनेंना दिली, आणि जागा धंगेकरांनी नेली. त्याच दिवशी इकडे चिंचवड पक्षाकडे राहिलं. पक्ष यातून काय शिकणार, तुम्हीच सांगा.

डी-६०५ (८:३१)
पण काल तेच रासने त्याच धंगेकरांना हरवून आले ना? म्हणजे घराबाहेरच्या माणसाला दुसरी संधी दिली तर तोही निवडून येतो. घरातल्याला पहिल्याच वेळी सहानुभूती मिळते, बाहेरच्याला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढाच फरक.

बी-७०१, सचिव (८:४०)
मंडळी, ग्रुपवर राजकारण नको असा नियम आहे. पण आज रविवार आहे आणि बोलणं नीट चाललंय, म्हणून थांबवत नाही. कुणावर वैयक्तिक चिखलफेक नको आणि फॉरवर्ड नकोत. स्वतःचं असेल ते लिहा.

सी-५०१ (८:५२)
मग आमच्या सांगोल्याचं लिहितो. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, ११ वेळा आमदार, तेही शेकापच्या तिकिटावर. आबासाहेबांनी २०१९ ला उभं राहायचं नाही ठरवलं, तेव्हा नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. काल दुसरे नातू, बाबासाहेब, निवडून आले. आता याला घराणेशाही म्हणायचं की म्हाताऱ्याची पुण्याई? आमच्या घरात यावरून काल रात्री जेवताना दोन तट पडले. मी नातवाच्या बाजूने होतो, ते लपवत नाही.

ए-३०३ (९:०५)
आम्ही लातूरचे. ग्रामीणमध्ये २०१९ ला विलासराव देशमुखांचा मुलगा धीरज आले आणि दुसऱ्या नंबरवर नोटा होता. उमेदवार नव्हे, नोटा! काल त्याच ग्रामीणमध्ये धीरज पडले आणि शहरात त्यांचे भाऊ अमित टिकले. एकाच घराला एकाच जिल्ह्याने एकाच दिवशी दोन निकाल दिले. लोक आंधळेपणाने आडनावाला मत देतात असं म्हणू नका.

डी-६०५ (९:०९)
माझंही तेच. संगमनेरला थोरात साहेब १९८५ पासून सलग आठ वेळा, आणि काल अमोल खताळांसारख्या साध्या घरातल्या माणसाने त्यांना हरवलं. माहीमला राज ठाकरेंचा मुलगा अमित तिसरा. घराणी पडतात.

ए-१०२ (९:१४)
संगमनेरला मागे विखे पाटलांची ताकद होती हेही लिहा की. एक घर पडलं ते दुसऱ्या घराच्या जोरावर.

सी-३०४ (९:३८)
मी सकाळपासून वाचतेय. जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

मी ऊसपट्ट्यातली. तालुक्याचं नाव घेत नाही, वडील अजून तिथेच राहतात. आमच्याकडे आमदारकी ज्या घरात आहे, त्याच घराकडे कारखाना, दूध संघ, जिल्हा बँकेतली जागा, बाजार समिती आणि कॉलेज. मी बी.कॉम. त्याच कॉलेजात केलं. वसतिगृहाची फी परवडत होती म्हणून वडिलांनी मला पाठवलं, नाहीतर बारावीला माझं लग्न होणार होतं. त्या घराचं माझ्यावर ऋण आहे, ते आधी सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली. विरोधी पॅनेलच्या एका उमेदवाराच्या अर्जावर वडिलांनी सूचक म्हणून सही केली. एक सही, बाकी काही नाही. त्या हंगामात आमचा आडसाली ऊस उभाच राहिला. शेजारच्या दोन्ही बांधांवर ऊसतोडीची टोळी येऊन गेली. वडील गट ऑफिसला खेटे घालत होते. कारखान्याचा शेतावरचा माणूस, चिटबॉय, म्हणायचा, "तात्या, प्रोग्रॅममध्ये नंबर आला की येईल टोळी." कुणी दम दिला नाही, कुणी त्या सहीचं नाव काढलं नाही. उसाला तुरा आला, मार्च संपत आला तेव्हा टोळी आली. वजन इतकं घटलं की सोसायटीचं पीककर्ज फिटलं नाही.

पुढच्या विधानसभेला वडिलांनी त्याच घराला मत दिलं आणि पारावर चार माणसांत तसं सांगितलंही. मी त्यांच्याशी दोन महिने धड बोलले नाही. भित्रे वाटले मला. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे आणि मला ते भित्रे वाटत नाहीत.

म्हणून "लोकांनी मतं दिली ना" हे वाक्य मला पुरत नाही, १०२ वाले दादा. मत गुप्त असतं, पण सूचकाची सही गुप्त नसते. पोलिंग एजंट कोण बसला, सभेला कोण दिसलं, हेही गुप्त नसतं. चिंचवडमध्ये तुमची माझी नोकरी आयटी पार्कात नाहीतर एमआयडीसीत, आमदाराचा आपल्या पगाराशी संबंध नाही. तिकडे माणसाचं वर्षाचं उत्पन्न एका घराच्या हातात असतं.

सी-५०१ (९:४६)
ताई, अगदी खरं. आमच्याकडे ऊस नाही तर पाणी. कालव्याच्या टेल एंडला पाणी सोडायचं की नाही, तेच.

ई-२०४ (९:५५)
३०४ वाल्या ताई, वाचून पोटात गोळा आला. पण सहकार मुळात असा नव्हता. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, तेव्हा पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी शेअर्स गोळा केले आणि अध्यक्ष नेमला अभ्यासू माणूस. आज विखे घराण्याची चौथी पिढी राजकारणात आहे. कारखाना सभासदांचाच राहिला, पण खुर्ची वारसाहक्काने जायला लागली. हे महाराष्ट्रात एकट्या त्यांच्याकडे झालंय असं नाही.

ए-१०२ (१०:०२)
ताई, तुमच्या वडिलांबाबत झालं ते चूकच. माझा मुद्दा फक्त इतकाच की घर बदललं तरी रीत बदलत नाही. नीलेश लंके बघा. सुजय विखेंना लोकसभेत हरवलं तेव्हा सगळ्या राज्याला वाटलं, सामान्य घरातल्या माणसाने घराणं पाडलं. पाच महिन्यांनी पारनेरच्या विधानसभेला तिकीट कुणाला? त्यांच्या पत्नीला. पारनेरने तेही नाकारलं, काशिनाथ दाते आले.

ई-४०३ (१०:१०)
बायकांचं मध्येच सांगते. श्रीजया चव्हाण, अदिती तटकरे, ज्योती गायकवाड, कन्नडच्या संजना जाधव. काल निवडून आलेल्या बायकांची यादी काढा आणि वडील कोण, सासरे कोण, ते बघा. मला या मुलींचा राग येत नाही. घरात पुढारी नसेल तर बाईला तिकीट मागायला आत कोण घेतं? मी पंधरा वर्षं एका पक्षाचं बूथचं काम केलं, पक्षाचं नाव सांगत नाही. हळदीकुंकू आलं की माझी आठवण, उमेदवारी आली की "वहिनी, यंदा जमवून घ्या."

डी-६०५ (१०:१४)
मग मार्ग काय? पंचवीस वर्षांच्या मुलाने आमदार व्हायचं स्वप्न बघायचंच नाही?

सी-३०४ (१०:३३)
याच प्रश्नावर मला लिहायचं होतं. हे रात्रभर डोक्यात होतं.

काल तासगाव-कवठेमहांकाळमधून रोहित पाटील आले. वय २५, विधानसभेला उभं राहायला लागतं तेवढंच. आर. आर. आबांचा मुलगा. मला त्या मुलाबद्दल आकस नाही, वडील गेले तेव्हा शाळकरी वयाचा होता, पुढे आईने मतदारसंघ सांभाळला. पण माझा मुलगाही २५ चा आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा तो १७ चा होता, मत देता आलं नाही. त्यानंतर महापालिकेची निवडणूकच झालेली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली आहे. माझ्या मुलाने आयुष्यात एकदाही नगरसेवकासाठी बटण दाबलेलं नाही. उभं राहणं तर लांबच.

आता आर. आर. आबा स्वतः कसे आले ते बघा. साध्या घरातले, सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून सुरुवात. गोपीनाथ मुंडे जिल्हा परिषदेतून. विलासराव बाभळगावचे सरपंच. एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक. देवेंद्र फडणवीसांच्या घरात वडील आमदार होते, काकू मंत्री होत्या, तरी तेही नागपूरचे नगरसेवक आणि महापौर होऊनच पुढे गेले. आणि १०२ वाले दादा, तुम्हीच लिहिलंत, लक्ष्मणभाऊ आधी नगरसेवक.

या सगळ्यांची शाळा एकच होती. गटारीचं झाकण, नळाचं कनेक्शन, झेडपीच्या शाळेची गळकी खोली. तिथे माणूस लोकांना कळतो आणि लोक त्याला. ती शाळा पावणेतीन वर्षं बंद आहे. ४०३ वाल्या वहिनी, स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे महापालिका चालू असती तर तिथल्या निम्म्या खुर्च्यांवर बायका असत्या. त्या सगळ्या आज घरी आहेत. विधानसभेचं तिकीट मागायला गेल्यावर "तुमचं काम काय" असं विचारतात. काम करायची जागाच ठेवली नाही तर सांगायचं काय? मग उरतात कोण, तर ज्यांचं आडनाव आधीच लोकांना माहीत आहे ते. पक्ष काय करणार, अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म त्यांच्याच हातात जाणार.

मला घराण्यातल्या उमेदवाराचा राग नाही. त्याच्यासमोर उभं राहू शकेल असा माणूस तयार होण्याची वाट बंद केली आहे, आणि त्याबद्दल कुणी सभेत एक शब्द बोललं नाही, त्याचा राग आहे.

ई-४०३ (१०:४०)
ताई. अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

ए-१०२ (१०:४८)
हे मान्य. खरंच मान्य. मी स्वतः २०२२ ला प्रभागातून इच्छुक होतो, अर्जाची कागदपत्रं करून ठेवली होती. ती फाइल अजून कपाटात आहे. भाऊंच्या कार्यालयात हा विषय मी काढतो. पण एक सांगतो, निवडणूक लागली तरी पैसा कुठून आणायचा? विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. कागदावरची मर्यादाच तुमच्या माझ्या फ्लॅटच्या निम्मी.

ए-३०३ (१०:५३)
आमच्या मराठवाड्यात तर दोन्ही बाजूंना एकच घर. बीडला क्षीरसागरांत २०१९ ला पुतण्याने काकाला पाडलं, यंदा चुलतभावाला. परळीत २०१९ ला मुंडे भाऊ-बहीण समोरासमोर. लांब गडचिरोलीत अहेरीला यंदा वडील, मुलगी आणि पुतण्या, तिघे रिंगणात. बारामतीचं पवार काका-पुतण्यांचं तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. मतदाराने निवड केली, पण ती एका आडनावातली.

बी-७०१, सचिव (११:०५)
ताईंचं वाचून सचिव म्हणून मलाही एक सांगायचं आहे. आपल्या कमिटीची मुदत मार्चमध्ये संपते. गेल्या वेळी अकरा जागांना नऊच अर्ज आले होते, मी आणि खजिनदार तिसऱ्यांदा तेच. यंदा ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी अर्ज भरावेत. ताई, तुमच्या मुलाच्या नावावर फ्लॅटमध्ये हिस्सा असेल तर तोही पात्र ठरू शकतो, मी उपविधी बघून सांगतो.

सी-३०४ (११:१२)
विचारते त्याला, आज घरीच आहे.

डी-६०५ (११:१५)
ताई, एक विचारू? तुमच्या वडिलांनी यंदा कुणाला मत दिलं?

सी-३०४ (११:३१)
त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कारखाना पंधरा तारखेला सुरू झालाय. आमचा ऊस अजून रानात उभा आहे.