काढून टाका की काढून ठेवा? बॉनेटखालची क्रियापदं

गेल्या रविवारी गाडीचे स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर घरीच बदलायला घेतले. गाडी जुनी, पेट्रोलची. प्लगपर्यंत हात पोचवायचा तर आधी फिल्टरचा डबा हलवावा लागतो, म्हणून कशानंतर काय काढायचं याचा कागद मी आदल्या रात्री मराठीत लिहून ठेवला. वाचून दाखवायला मुलगी बसणार होती. ती नववीत आहे आणि लिहिलेलं शब्दशः करते.

कागदावर तिसरी ओळ होती, "डब्याखालचे दोन्ही रबरी बुश काढून टाका." मी पलीकडे वाकून कॉइलचे, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचे, कनेक्टर सोडवत होतो. तासाभराने सगळं परत बसवायला घेतलं तर बुश, म्हणजे डबा ज्यांवर बसतो त्या रबरी गाद्या, कुठेच नाहीत. काळ्याकुट्ट झालेल्या जुन्या फिल्टरबरोबर तिने ते कचऱ्याच्या पिशवीत टाकले होते. "तुम्हीच लिहिलंय ना बाबा, काढून टाका." पिशवी अजून दारातच होती म्हणून बुश मिळाले. चूक सर्वस्वी माझी. इंग्रजी पुस्तिकेतल्या प्रत्येक 'रिमूव्ह'ला मी डोळे मिटून 'काढून टाका' लिहीत गेलो होतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मराठीत नुसतं 'काढणे' फार थोडं सांगतं. दूध काढतात, तिकीट काढतात, कर्ज काढतात, दृष्ट काढतात, दिवस काढतात. खरी सूचना असते पुढच्या क्रियापदात. 'काढून टाक' म्हटलं की ती वस्तू परत लागणार नाही. 'काढून ठेव' म्हटलं की ती लागणार आहे, जपायची आहे. 'काढून घे' म्हटलं की ती आपल्या हातात यायला हवी. 'जुनं ऑइल काढून टाका' हे बरोबर. 'ऑइलचं झाकण काढून टाका' हे चूक. हे घरात कुणालाही सांगावं लागत नाही, पण दुरुस्तीच्या मराठी सूचना वाचा, बहुतेक सगळीकडे सरसकट 'काढून टाका'.

दुसरी गोष्ट, वस्तू किती निघाली याची. नट सैल करणे म्हणजे एखादा फेरा देऊन त्याचा ताण घालवणे, तो जागेवरच राहतो. नट सोडणे म्हणजे आट्यांवरून पूर्ण बाहेर घेणे. भाग मोकळा करणे म्हणजे त्याला धरून ठेवणारं सगळं सोडवणे, भाग मात्र अजून तिथेच असतो. आणि काढणे म्हणजे तो उचलून बाहेर आणणे. बॅटरीचं साधं उदाहरण घ्या. टर्मिनलच्या पट्टीवरचा दहाचा नट फक्त सैल करायचा, पट्टी हलवत वर ओढून घ्यायची. नट पूर्ण सोडायची गरज नसते, सोडलात तर तो नेमका बॅटरीच्या ट्रेखाली जाऊन बसतो. आधी मायनसची पट्टी, मग प्लसची. गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. परत लावताना उलटं, मायनस शेवटी.

तर विचारायचं असं, की ही क्रियापदं तुमच्याकडे कशी वापरतात? माझ्याकडून काही सुटलं असेल तर सांगा.

—

प्रतिसाद, सांगली

वडिलांचं गॅरेज होतं, बारा वर्षांचा असल्यापासून मी पाने धुतले आहेत. तुमच्या यादीत उतरवणे नाही. तो आमच्याकडचा सगळ्यात वजनदार शब्द. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं, गिअरबॉक्स उतरवला, इंजिन उतरवलं. गंमत बघा, गिअरबॉक्स बहुतेक गाड्यांत खरोखर खाली येतो, पण हेड तर वर उचलून काढावं लागतं. तरी 'हेड उतरवलं' असंच म्हणतात. वडील सांगायचे, दागिना कसा उतरवतात तसं. गळ्यातून निघताना तो डोक्यावरून वरच जातो ना! अंगावर बसलेली गोष्ट अंगावेगळी केली की ती उतरवली, मग दिशा कुठलीही असो. एअर फिल्टरचा डबा कुणी उतरवत नाही, तो काढतात. ज्याला दोन माणसं लागतात, ज्याच्याखाली जुनी पॅकिंग खरवडावी लागते, त्याला उतरवणे.

आणि खोलणे वेगळं. गिऱ्हाईकाला 'इंजिन खोलावं लागेल' म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. त्या एका शब्दात खर्च किती, गाडी किती दिवस अडकणार, सगळं आलं.

—

प्रतिसाद, पुणे

पण खोलणे हिंदीतून आलंय. उघडणे आहे की आपल्याकडे.

—

मूळ लेखक

उघडणे आहेच, पण ते त्या जागी बसत नाही असं मला मनापासून वाटतं. बॉनेट उघडतात. रेडिएटरचं झाकण उघडतात (इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, गरम असताना आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उसळतं). उघडलेली गोष्ट क्षणात बंद होते. खोलणे म्हणजे एकेक भाग सुटा करत आतपर्यंत जाणे. 'बॉनेट उघडलं' आणि 'इंजिन खोललं' यांत पाच मिनिटं आणि पाच दिवस इतका फरक आहे. कुठूनही आला असो, शब्द गॅरेजमध्ये स्वतःचं काम करतोय. त्याला घालवलं तर त्या जागी ठेवायला आपल्याकडे एक शब्द नाही.

उतरवणेबद्दल सांगलीकरांचे आभार. दागिन्याचं मला सुचलंच नसतं.

—

प्रतिसाद, मडगाव

पान्यावरून आठवलं, चावीबद्दल थोडं. आपली चावी पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आली. पोर्तुगीजमध्ये तो शब्द किल्लीला तर आहेच, शिवाय पान्यालाही आहे. सरकता पाना म्हणजे 'शाव्ह इंग्लेझा', इंग्रजी चावी. स्क्रू ड्रायव्हरलाही शाव्हच म्हणतात. मराठीत येताना पाना बाहेर राहिला आणि कुलपाची किल्ली तेवढी आली. तरी घड्याळाला चावी देतो तेव्हा त्यातलं पिळणं शिल्लक आहेच. उत्तरेकडचे मेस्त्री पान्याला चाबी म्हणताना ऐकलेत, तेव्हा चकित झालो होतो.

—

प्रतिसाद, डेट्रॉइटजवळून

इथे मजुरी इतकी आहे की निम्मी कामं घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच करतो. तुमच्या 'मोकळा करणे'त मी एक भर घालतो, बाजूला घेणे. एसीचा कॉम्प्रेसर आडवा आला म्हणून कुणी मराठीत 'कॉम्प्रेसर काढा' असं लिहिलं तर ते धोक्याचं आहे. त्याच्या पाइपांत दाबाखाली गॅस असतो, इंजिन बंद असलं तरी असतो. पाइप सोडले तर गॅस बाहेर, हाताला लागला तर कातडी गोठते. खरं काम इतकंच असतं की बोल्ट सोडायचे आणि पाइप तसेच जोडलेले ठेवून कॉम्प्रेसर तारेने बाजूला बांधून ठेवायचा. लोंबकळत सोडायचा नाही, पाइपावर वजन येतं. आमच्या इंग्रजी पुस्तिकेत डिस्कनेक्ट आणि रिमूव्ह हे दोन वेगळे शब्द मुद्दाम वापरलेले असतात. मराठीत दोन्हींना 'काढा' लिहिलं तर वाचणारा पाइपाला हात घालणार.

—

मूळ लेखक

हे फार महत्त्वाचं. कनेक्टरचंही तसंच. त्याला मी 'काढणे' लिहिलं होतं आणि मुलीने वायरला धरून ओढायला सुरुवात केली होती. वायर धरून ओढणे म्हणजे उपटणे. कनेक्टर सोडवायचा असतो: आधी अंगठ्याने खटका दाबायचा, आत काहीतरी 'टिक' होतं, मग प्लास्टिकला धरून सरळ मागे. इथे 'खटका' हा शब्द इतका चपखल बसतो की त्याला लॉक म्हणायची गरजच नाही. उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने प्लास्टिक कडक झालेलं असतं. तेव्हा घाई केली की उचकटणे होतं आणि खटका तुटतो. उपटणे आणि उचकटणे हे दोन शब्द कागदावर मी आता 'करू नका' याच अर्थाने लिहिणार आहे.

—

प्रतिसाद, ठाणे

पाइपांवरच्या क्लिपांबद्दल. दोन जाती असतात. एक स्क्रूने आवळायची, तिला सगळे जुबली क्लिप म्हणतात. ते खरं तर एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव, लमली रॉबिन्सन नावाच्या नौदलातल्या माणसाने 1921 साली या क्लिपचं पेटंट घेतलं. दुसरी स्प्रिंगची, तिचे कान पकडीने दाबले की ती फाकते. ही दुसरी म्हणजे सरळ चाप. आई पापडाला, कपड्यांना जो लावते तोच. जुबली सैल करायची, चाप दाबून मागे सरकवायचा. दोन्ही 'काढायच्या' नसतातच.

तेलासाठी निथळणे घ्या. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडल्यावर ऑइल धो धो येतं ते एक मिनिट. नंतर धार बारीक होते, मग थेंब. तो थेंबाचा वेळ म्हणजे निथळणं, आणि लोक तिथेच घाई करतात. तांदूळ निथळतात तसं गाडीलाही पंधरा मिनिटं द्यावीत. ब्रेक ऑइलच्या डबीतलं जुनं ऑइल मात्र निथळत नाही, ते सिरिंजने उपसावं लागतं.

—

प्रतिसाद, सांगली

परत येतो, कारण आटा राहिला. आटा म्हणजे बोल्टवरची खाच, आणि आटा म्हणजे एक फेराही. 'अजून एक आटा दे' म्हटलं की कळतं. हे दोन अर्थ उगाच एकत्र आलेले नाहीत. एक पूर्ण फेरा दिला की बोल्ट बरोबर एका आट्याइतका आत जातो. दहाचा पाना लागतो त्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला नेहमीचा आटा एक मिलिमीटरचा. नेहमीच्या चौदा मिलिमीटरच्या प्लगला सव्वा मिलिमीटरचा.

आट्यांची सगळी भाषा सजीवासारखी आहे. आटा धरतो, आटा चढतो, आटे मरतात. त्यातला 'धरतो' नीट समजून घ्या. प्लग परत लावताना आधी हाताने हलकेच उलटा फिरवायचा. एका जागी तो किंचित खाली बसल्याचं बोटाला जाणवतं, 'टक्' होतं. तिथून सुलटा फिरवला की आटा धरतो आणि प्लग बोटांनीच आत जात राहतो. दोन फेऱ्यांत अडला तर जोर लावू नका. आटा आट्यावर चढलाय, मागे घ्या. हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि प्लग पोलादाचा, मरणार ते हेडचे आटे. वडील मला प्लगला पान्याची दांडी लावूच द्यायचे नाहीत. रबराची नळी प्लगच्या वरच्या टोकाला घालून तिच्याने फिरवायला लावायचे. आटा चुकला की नळीच घसरते, जोर लागूच शकत नाही.

—

मूळ लेखक

नळीची युक्ती काल करून पाहिली. नळी खरोखर घसरली, दोनदा. तिसऱ्यांदा धरला.

सगळ्यांचं ऐकून कागद नव्याने लिहिला आहे. पुढच्या वेळी मुलगी हाच वाचणार:

इंजिन थंड झालंय ना, हात लावून बघा. बॉनेट उघडा, टेकू लावा. मायनसचा नट सैल करा, पट्टी बाजूला घ्या. फिल्टरच्या डब्याचे खटके सोडवा, झाकण काढून ठेवा. जुना फिल्टर काढून टाका. नळीचा चाप दाबून मागे सरकवा, नळी मोकळी करा. डबा काढून ठेवा, खालचे बुश वाटीत काढून ठेवा. कॉइलचे कनेक्टर सोडवा, उपटू नका. कॉइल काढून क्रमाने ठेवा. प्लगच्या खड्ड्यात धूळ असेल तर फुंकून काढा, मगच प्लग सोडा. नवे प्लग हाताने आत न्या, आटा धरू द्या. टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा आटा आवळा.

—

प्रतिसाद, ठाणे

'आवळा' छान. 'कसा' लिहिलं नाहीत ते बरं केलंत, कागदावर तो प्रश्न वाटला असता. फक्त 'फुंकून काढा'च्या जागी 'फुंकून टाका' करा, आणि तोंडाने नको, सायकलच्या पंपाने. धूळ डोळ्यात जाते.

—

मूळ लेखक

केलं. आणि 'वाटीत'च्या आधी 'स्टीलच्या' लिहिलं, घरच्यांच्या सांगण्यावरून.